विमानातून ताजी फुले भेट म्हणून नेताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एप्रिलमध्ये पुण्याहून विमानाने दिल्लीला भाचीच्या डोहाळजेवणाला जायचे आहे आणि तिच्यासाठी मोगऱ्याचे गजरे, फुलांची वाडी व डच गुलाबांचा मोठा गुच्छ इथूनच न्यायचा आहे. त्यानंतर मे महिन्यात मेलबर्नला मुलाकडे जाताना सुनेसाठी एखादा गजरा नेता येईल का, हेही आपण विचारले आहे. फुलांचा घाऊक व्यापार आणि परदेशी जाणाऱ्या मालाचे पॅकिंग यांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर हे उत्तर देत आहे. दिल्लीला फुले अवश्य न्यावीत, मात्र कोणती आणि कोणत्या वेळी तोडलेली, याचा विचार तिकीट काढतानाच करावा. मेलबर्नला नेऊ नयेत. या दोन उत्तरांमागची कारणे अगदी वेगळी आहेत. देशातल्या देशात प्रश्न फूल टिकण्याचा असतो, तर सीमा ओलांडताना ते कितीही टवटवीत असले तरी त्याचा निर्णय आपल्या हातात राहत नाही.

नियमांचा भाग दिल्लीपुरता सोपा आहे. देशांतर्गत उड्डाणात ताजी फुले हाताच्या सामानात नेण्यास बंदी नाही. अडचण येते ती आकारमानाची. बहुतेक भारतीय विमान कंपन्या साध्या वर्गाच्या प्रवाशाला हाताच्या सामानात ७ किलो वजनाची एकच बॅग देतात आणि तिची मापे साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर असतात. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या डच गुलाबाची काडी ५० ते ६० सेंटिमीटर लांब असते. कळी आणि बांधणी धरली की गड्डी बॅगेच्या लांबीबाहेर जाते आणि मग प्रवेशद्वारावर कर्मचारी ती चेक-इनमध्ये टाकण्यास सांगतात. म्हणून काड्या घरीच ४० ते ४५ सेंटिमीटरवर कापून घ्याव्यात. लांब दांडीचा मोह सोडावा, कारण दिल्लीतल्या फुलदाणीत त्या तशाही छाटाव्याच लागणार आहेत. चेक-इनच्या सामानात फुले कधीही टाकू नयेत. विमानाच्या पोटातल्या थंडीने त्यांचे फार बिघडत नाही. बिघडते ते वर पडणाऱ्या इतर बॅगांच्या वजनाने आणि धावपट्टीशेजारी उन्हात उभ्या राहणाऱ्या सामानगाडीमुळे.

डोहाळजेवण आहे म्हणजे ओटी आलीच, म्हणून एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. नारळ हाताच्या सामानात चालत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा विभागाने शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतील (डोक्यावर न्यायच्या पूजासाहित्याच्या गाठोड्यातील) नारळ जवळ ठेवण्याची मुदतबंद सवलत दिली होती आणि ती २० जानेवारी २०२५ पर्यंतच होती, यावरून एरवीचा नियम किती पक्का आहे हे लक्षात येईल. खोबऱ्याची वाटी तर तेलामुळे ज्वालाग्राही मानली जाते आणि ती चेक-इनच्या सामानातही नाकारली जाते. नारळ आणि वाटी दिल्लीतच घ्यावी; खारीक, बदाम, हळकुंडे आणि सुपारी इथून न्यायला हरकत नाही. गजरे ओवण्याची सुई आणि कात्री मात्र चेक-इनच्या बॅगेत ठेवावी.

आता मुख्य गोष्ट. विमानाच्या आतली हवा फार कोरडी असते. तिची सापेक्ष आर्द्रता अनेकदा १० ते २० टक्क्यांपर्यंत उतरते आणि दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ असतो. विरळ हवेचे फुलाला फारसे काही वाटत नाही, पण कोरडेपणा पाकळ्यांतून पाणी ओढून घेतो. दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासात हे नुकसान मोठे नसते. मात्र घरातून निघाल्यापासून दिल्लीतल्या घरी फुले पाण्यात पडेपर्यंत सहा-सात तास जातात आणि त्या सगळ्या वेळात फुलाला जे पाणी मिळायचे ते देठात आधीच साठलेल्या पाण्यातूनच. म्हणून आदल्या रात्री फूल पोटभर पाणी प्यायलेले असणे, हा सगळ्या तयारीचा गाभा आहे. विमानतळावर ओला कपडा गुंडाळून किंवा वरून पाणी शिंपडून ती उणीव भरून निघत नाही.

मोगऱ्याचे वेळापत्रक वेगळे आहे आणि तिथेच बहुतेकांची गफलत होते. मोगऱ्याची कळी पहाटे, पूर्ण वाढलेली पण घट्ट मिटलेली असताना तोडतात. ती त्याच दिवशी संध्याकाळी उमलते आणि रात्रभर दरवळून दुसऱ्या दिवशी पिवळसर पडू लागते. तिला पाण्यात ठेवण्यासाठी देठच नसतो, त्यामुळे पाणी पाजून तिचे आयुष्य वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा समारंभ संध्याकाळी असेल, तर सकाळी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आलेल्या त्या दिवशीच्या कळ्यांचे गजरे घेऊन दुपारचे विमान पकडावे. कळ्या प्रवासात मिटलेल्या राहतात आणि भाचीच्या केसांत माळल्यावर उमलतात, याहून चांगला योग नाही. पहाटेचे विमान घेतले तर आदल्या दिवशीच्या कळ्या न्याव्या लागतील आणि त्या दिल्लीत उतरेपर्यंत उमलून गेलेल्या असतील. समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी असेल, तर मोगऱ्याचा हट्ट सोडावा आणि गजऱ्यासाठी अबोली घ्यावी. तिला वास नाही हे खरे, पण ती वजनाला हलकी असते, ओवल्यावर गळत नाही आणि कोमेजायला मोगऱ्यापेक्षा पुष्कळ वेळ घेते. अबोलीच्या वेणीत मधे निशिगंधाच्या मिटलेल्या कळ्या ओवल्या की सुगंधाचीही सोय होते.

गजरे बांधण्याची बाजारातली जुनी रीत अजूनही सर्वांत चांगली आहे. केळीच्या पानाचा तुकडा धुऊन पुसून घ्यावा, त्यावर गजरे सैल वेटोळ्यात ठेवावेत, पान दुमडून दोऱ्याने बांधावे आणि ती पुडी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावी. पान ओलावा धरून ठेवते, पण प्लॅस्टिकसारखा घाम धरत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेला मोगरा आधी गरम होतो, मग त्यावर थेंब जमतात आणि थेंब बसला तिथे पाकळी तपकिरी पडते. घरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात तासभर ठेवून थंड केलेली पुडी न्यायला हरकत नाही. फ्रीझरमध्ये ठेवू नये, कारण गोठलेली कळी बाहेर काढल्यावर काचेसारखी पारदर्शक दिसते आणि थोड्या वेळात काळवंडते. बर्फाची जेल पिशवी वापरायचीच असेल तर ती वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, फुलांना टेकवू नये. कोरडा बर्फ विमान कंपनीच्या परवानगीने माणशी २.५ किलोपर्यंत नेता येतो, पण एवढ्याशा फुलांसाठी तो खटाटोप करण्याची गरज नाही.

सोनचाफ्याविषयी आपण विचारलेले नाही, पण दिल्लीकर भाचीला तो आवडत असणार, म्हणून लिहितो. सोनचाफ्याला बोट जरा जोरात लागले तरी तिथे तपकिरी डाग उमटतो. सुटी फुले पिशवीत घालून नेली तर निम्मी खराब होतात. चार-सहा फुलेच न्यावीत, प्रत्येक फूल वेगळ्या पानात हलकेच गुंडाळावे आणि कडक डब्यात ठेवावे.

फुलांची वाडी तयार करून नेण्यापेक्षा तिचे भाग नेणे शहाणपणाचे आहे. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, धनुष्यबाण हे सगळे बांधून घेतले तर त्याचे आकारमान वाढते, खोक्यात एकावर एक ठेवावे लागते आणि खालचा थर दबतो. त्याऐवजी निशिगंधाच्या कळ्यांच्या माळा आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या शेवंतीची सुटी फुले न्यावीत आणि दिल्लीत घरी बसून पुठ्ठ्याच्या साच्यावर बांधावीत. घरच्या बायकांना यात तासाभराचे काम आहे आणि त्या कामाची गंमत वेगळीच असते. निशिगंध घेताना एकेरी जातीचा घ्यावा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ ही जात हारासाठी चांगली आहे. दुहेरी फुलाची गुलछडी फुलदाणीत शोभते, पण माळेत जड होते आणि तिच्या कडेच्या पाकळ्या लवकर काळ्या पडतात. शेवंती या प्रवासासाठी सर्वांत बिनत्रासाची आहे. गुलाबाच्या सुट्या पाकळ्या ओवून केलेले दागिने मात्र टाळावेत, कारण सुई गेली तिथून पाकळी तीन-चार तासांत काळी पडायला लागते.

आता गुलाब. खरे तर दिल्लीत गाझीपूरच्या फूल मंडीत उत्तम गुलाब मिळतात आणि तिथे पहाटे कुणाला पाठवता आले तर इथून गुलाब नेण्याचे कारण उरत नाही. जे तिथे मिळत नाही किंवा तिथे मिळते ते आपल्या मनासारखे नसते, तेच इथून न्यावे असे माझे मत आहे. तरीही मावळातले गुलाब स्वतःच्या हाताने द्यायचे असतील, तर पुढची काळजी घ्यावी.

गड्डी प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी घ्यावी. मार्केट यार्डात डच गुलाब वीस नगांच्या गड्डीत, कळ्यांभोवती नालीदार पुठ्ठा गुंडाळून येतात. पुठ्ठा थोडा उघडून कळीच्या खालच्या बाजूला, देठाच्या जरा वर, अंगठा आणि तर्जनीने हलके दाबून पाहावे. कळी तिथे भरीव लागली पाहिजे. मऊ लागली तर माल शिळा आहे. हिरवी निदले, म्हणजे कळीच्या बुडाशी असणारी छोटी हिरवी पाने, खाली वळलेली असावीत आणि बाहेरची एखादी पाकळी नुकती सुटू लागलेली असावी. निदले अजून कळीला चिकटलेली असतील तर ती कळी कोवळी तोडलेली आहे आणि ती उमलण्याआधीच मान टाकते. अगदी बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या हिरवट किंवा डागाळलेल्या दिसल्या तरी त्या काढून टाकण्याची घाई करू नये. प्रवासात घासले जाणे त्यांनीच सोसायचे असते, त्या दिल्लीत पोहोचल्यावर काढाव्यात.

घरी आणल्यावर पुठ्ठा तसाच ठेवून काड्यांच्या खालच्या भागातली पाने आणि काटे काढावेत, पण सोलून जखम करू नये. नंतर काडीचे टोक पाण्यात बुडवून पाण्यातच दोन सेंटिमीटर तिरपे कापावे. हवेत कापले की देठातल्या नळ्यांमध्ये हवा ओढली जाते, तिचा बुडबुडा अडकतो आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ते कळीपर्यंत चढत नाही. गुलाबाची मान वाकण्यामागे बहुतेक वेळा हाच बुडबुडा किंवा घाण पाण्यातले जिवाणू असतात. मग स्वच्छ बादलीत वीतभर पाणी घेऊन गड्डी रात्रभर अंधाऱ्या, गार जागी उभी ठेवावी. पंख्याखाली ठेवू नये. व्यापारात गुलाब २ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवतात. घरी ते शक्य नसते, पण रात्रभर पाणी प्यायलेली गड्डी दिवसभराचा प्रवास सहज काढते. कोणी शीतगृहातून काढलेला माल थेट दिला, तर तो उघडून कळ्यांवर जमणारा घाम वाळू द्यावा आणि मगच बांधावा. पाकळ्या ओल्या असताना बांधलेल्या गुच्छात राखाडी बुरशी धरते आणि ती दुसऱ्या दिवशी दिसते. दुकानदार फुलांवर पाण्याचा फवारा मारतात तो दिसायला बरा म्हणून. प्रवासाच्या फुलांवर तो नको, असे त्यांना स्पष्ट सांगावे.

दुसऱ्या दिवशी निघताना देठांच्या टोकांना ओला कापूस गुंडाळावा, त्यावर छोटी प्लॅस्टिकची पिशवी चढवून रबर बांधावे आणि कळ्यांकडची बाजू कोरड्या कागदात, वरून उघडी ठेवावी. हिरव्या फोमच्या विटेत खोवलेला तयार गुच्छ घेऊ नये. भिजलेली वीट जड असते, पाणी गाळते आणि क्ष-किरण यंत्रात घट्ट ठोकळ्यासारखी दिसते, त्यामुळे तपासणीत हमखास बाजूला काढली जाते. पाण्यात उभ्या केलेल्या गुच्छाचेही तेच. आंतरराष्ट्रीय उड्डाणात तर १०० मिलिलिटरहून मोठ्या भांड्यातले पाणी हातच्या सामानात चालतच नाही. ऑर्किडच्या काडीला लावतात ती रबरी टोपीची छोटी नळी मात्र या मर्यादेत सहज बसते. गुच्छ स्टेपलरने बंद करू नये, सुटणारी गाठ मारावी, म्हणजे जवानाने उघडायला सांगितले तर कागद फाडावा लागत नाही. क्ष-किरणांनी फुले खराब होत नाहीत. ट्रेमध्ये ती आडवी आणि एकटी ठेवावीत, लॅपटॉपच्या शेजारी नकोत.

विमानात वरच्या कप्प्यात फुले सर्वांत शेवटी, बाकीच्यांच्या बॅगा लागल्यावर ठेवावीत. डोक्यावरची वाऱ्याची तोटी फुलांकडे वळलेली असेल तर बंद करावी, कारण त्या थंड कोरड्या झोताने तासाभरात पाकळीची कड सुरकुतते. लिलीसारखी उग्र वासाची फुले नेत असाल तर शेजारच्या प्रवाशाचाही विचार करावा. लिलियमची एखादी कळी रंग दाखवू लागलेली आणि बाकीच्या मिटलेल्या असतील, तर तो प्रश्न राहत नाही आणि परागांचे पिवळे डागही कपड्यांवर पडत नाहीत. जर्बेरा मात्र या प्रवासाला नेऊ नये. त्याची पोकळ दांडी वाकली की पुन्हा सरळ होत नाही.

एप्रिल म्हटल्यावर आपण हापूसची पेटीही नेणार, हे मी गृहीत धरतो. पेटी आणि फुले एकाच खोक्यात किंवा गाडीच्या एकाच बंद डिकीत ठेवू नयेत. पिकता आंबा इथिलीन वायू सोडतो आणि त्याने कार्नेशन आणि ऑर्किड यांसारखी फुले अवेळी म्हातारी होतात. कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून फूल झोपल्यासारखे दिसते आणि मग ते पुन्हा उघडत नाही. गुलाब हे थोडेफार सोसतो, तरी दोघांना वेगळे ठेवणेच बरे.

दिल्लीत उतरल्यावर विमानतळ ते घर हा टप्पा सर्वांत धोक्याचा असतो. एप्रिलमध्ये बाहेर प्रचंड ऊन असते आणि गाडीत एसीचा झोत थेट फुलांवर येतो. फुले पायाशी, सावलीत ठेवावीत. घरी पोहोचताच पाहुणचाराआधी काड्या पुन्हा दोन सेंटिमीटर कापून कोमट पाण्यात तासभर खोल उभ्या कराव्यात. कोमट पाणी गार पाण्यापेक्षा लवकर वर चढते. फुलदाणीच्या पाण्यात लिटरमागे चमचाभर साखर आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घातले आणि पाणी रोज बदलले तर गुलाब आणखी चार-पाच दिवस काढतील.

मेलबर्नचा विषय याहून वेगळा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मल्याळम अभिनेत्री नव्या नायर ओणमच्या कार्यक्रमासाठी मेलबर्नला गेल्या असताना त्यांच्या हँडबॅगेत मोगऱ्याचा सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा गजरा सापडला आणि त्यांना १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने लाखाहून अधिक रुपयांचा दंड झाला. हे त्यांनी स्वतःच कार्यक्रमात सांगितले. गजरा वडिलांनी घेऊन दिला होता. त्यातला एक भाग कोचीहून सिंगापूरपर्यंत माळून नेला आणि दुसरा पुढच्या प्रवासासाठी बॅगेत ठेवला, असे त्यांचे म्हणणे होते. एवढ्याशा गजऱ्यासाठी एवढा दंड का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी केला. उत्तर असे की दंड गजऱ्याच्या लांबीवर ठरत नाही. आगमनाच्या कार्डावर वनस्पती, तिचे भाग, बिया यांविषयी स्वच्छ प्रश्न असतो आणि त्याला ‘नाही’ असे उत्तर देऊन फूल बाळगणे, हाच गुन्हा आहे.

त्या देशाची काळजी निराधार नाही. फुलकिडे, मावा आणि कोळी (माइट) या किडी पाकळ्यांच्या बेचक्यात बसतात, त्या इतक्या लहान असतात की भिंगाशिवाय सहज दिसत नाहीत आणि फुलाबरोबर जिवंत पोहोचतात. दुसरी भीती फुलाच्या देठाची आहे. गुलाब, शेवंती आणि कार्नेशन यांची काडी मातीत खोचली तर तिला मुळे फुटू शकतात. म्हणून ऑस्ट्रेलियाला व्यापारी पद्धतीने जाणाऱ्या अशा फुलांच्या काड्या आधी ग्लायफोसेट या तणनाशकात बुडवून निर्जीव कराव्या लागतात आणि मालाबरोबर फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे वनस्पती आरोग्याचा सरकारी दाखला, जोडावा लागतो. भारतात हा दाखला केंद्रीय वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवणूक संचालनालयाची कार्यालये माल तपासून देतात. पेट्यांनी माल पाठवणाऱ्याला हे परवडते. एका गजऱ्यासाठी यात पडण्यात अर्थ नाही आणि दाखला असूनही उतरल्यावर तपासणी होतेच.

बाकीच्या देशांचे थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडचे लोक एका देशाचा अनुभव दुसऱ्याला लावतात. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून प्रवाशाच्या सामानातल्या फुलांनाही हा दाखला लागतो. सूट आहे ती फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना. न्यूझीलंडमध्ये न सांगता आणलेल्या वस्तूबद्दल जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. अमेरिकेत अनेक प्रकारची कापलेली फुले तपासणीनंतर सोडतात, पण ती जाहीर करावीच लागतात आणि अंतिम निर्णय तिथल्या कृषी निरीक्षकाचा असतो. अमेरिकेबाबत एक बारकावा आपल्या गुच्छांना नेमका लागू पडतो. आपल्याकडे गुच्छात भरीसाठी कामिनीची पाने सर्रास वापरतात. कामिनी, कढीपत्ता आणि बेल ही तिन्ही झाडे लिंबाच्या कुळातली आहेत आणि संत्र्या-मोसंब्यांच्या बागांना मारणाऱ्या रोगांच्या भीतीने त्यांची पाने तिथे बंद आहेत. गुलाब चालला असता, पण भोवतीच्या चार हिरव्या पानांमुळे अख्खा गुच्छ टोपलीत जातो.

मेलबर्नला जाताना फुलांपेक्षाही मला भीती वाटते ती आपल्या पर्सची. घरातून निघताना आई देवापुढचे फूल पदरात घालते, कोणी तुळशीचे पान देते, मंदिरातले निर्माल्य पुडीत असते, गेल्या दसऱ्याचे आपट्याचे सोने पाकिटात तसेच राहिलेले असते. हे सगळे वनस्पतीचे भाग आहेत. वाळलेले असले म्हणून सुटत नाहीत. वाळलेल्या झेंडूच्या फुलात तर त्याच्या बियाच असतात, म्हणजे ती बियांचीच पुडी म्हणायची. बकुळीचा वाळलेला गजरा वर्षभर वास देतो म्हणून बायका मुद्दाम नेतात, त्यालाही हेच लागू आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी पर्स, पाकीट, जॅकेटचे खिसे आणि देवाच्या पोथीची पाने उलटून पाहावीत. आंब्यांबाबत वेगळे सांगायला नको.

एवढे करूनही विमानात बसल्यावर केसांत गजरा आहे हे लक्षात आले, तर उतरण्यापूर्वी तो विमानातच कचऱ्यात द्यावा. उतरल्यावर लक्षात आले तर कार्डावर ‘होय’ अशी खूण करून अधिकाऱ्याला दाखवावा. खरे सांगितलेली वस्तू ते फार तर काढून घेतात, त्यासाठी दंड करत नाहीत. माझ्या ओळखीचे अनेक प्रवासी संकोचाने ‘नाही’वर खूण करतात, कारण ‘होय’ म्हटले की रांगेत ताटकळावे लागेल असे त्यांना वाटते. फार तर अर्धा तास जातो.

सुनेला फूल द्यायचेच असेल, तर मुलाला सांगून तिथल्याच फुलवाल्याकडे गुच्छाची नोंद आधी करून ठेवावी आणि पोहोचण्याच्या दिवशी तो घरी येईल असे पाहावे. मोगऱ्याचा वास द्यायचा असेल तर अत्तराची छोटी कुपी चेक-इनच्या सामानात न्यावी, आणि गजरा माळायची हौस असेल तर कापडाचा किंवा कागदाचा न्यावा. हल्ली ते इतके हुबेहूब करतात की विमानतळावर तोही दाखवून ‘कापडाचा आहे’ असे सांगणे सोयीचे ठरते.